कापसाचा भाव आणि वऱ्हाडातील खोकड

उत्तर अमेरिकेसारख्या थंड मुलुखात तांबड्या कोल्ह्याची शिकार फरच्या बाजारभावाबरोबर वाढत आणि घटत आली आहे. १९७०च्या दशकात लांब केसांच्या फरला मागणी आली तेव्हा सापळे लावणाऱ्यांची संख्या वाढली आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस भाव कोसळताच ती रोडावली. बुलढाणा जिल्ह्यात तांबडा कोल्हा नाही. येथे आढळतो तो खोकड, म्हणजे झुपकेदार शेपटीचे टोक काळे असलेला, दोन-तीन किलो वजनाचा, उघड्या माळावर बीळ करून राहणारा भारतीय कोल्हा. उष्ण हवामानामुळे त्याची लव विरळ असते आणि थंड प्रदेशातील फरइतका भाव तिला मिळण्यासारखा नव्हता. तरीही या जनावरावर बाजाराचा परिणाम झालाच, आणि तो कापसाच्या बाजाराचा होता.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले आणि त्यानंतर दशकभरातच, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा आटला, तेव्हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीला अपूर्व महत्त्व आले. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची बडी पेठ बनली आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. कापूस घेणे फायद्याचे ठरल्यावर गवताळ पडीक जमीन वाहीखाली येणे ओघानेच आले. खोकडाचे बीळ अनेक तोंडांचे असते, उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यात पिल्ले असतात आणि उंदीर, टोळ, वाळवी, सरडे, बोरे असा त्याचा आहार आसपासच्या मोकळ्या रानातच मिळतो. नांगर आणि वखर तिथवर पोचले की त्याच्यासाठी धुरा, नाल्याचा काठ आणि गायरान एवढीच जागा उरते.

इंग्रजी अमलातील शिकारीच्या नियमांनी प्राण्यांची जी प्रतवारी केली, तीत खोकडाला स्थान नव्हते. वाघ, बिबट्या आणि लांडगा माणसाला व गुराढोरांना घातक म्हणून त्यांच्या वधाबद्दल सरकारातून रोख बक्षीस मिळे, आणि १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत साऱ्या देशात अशा बक्षिसांपायी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेल्याचा इतिहासकारांचा अंदाज आहे. दुसरीकडे, १९१२च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने हरिण, काळवीट, ससा अशा मांसासाठी वा छंदासाठी मारल्या जाणाऱ्या प्राण्यांना विणीच्या हंगामात मनाईचे संरक्षण देण्याची तरतूद केली. खोकडावर बक्षीस नव्हते आणि तो शिकारीचा मानाचा प्राणीही नव्हता; परिणामी सरकारी आकडेवारीत त्याची दखल फारशी उरली नाही.

कायद्याचा भार पडला तो मात्र रानावर जगणाऱ्यांवर. रसेल व हिरालाल यांनी १९१६च्या आपल्या ग्रंथात मध्य प्रांत व वऱ्हाडातील पारधी जमातीचे पोटभेद सांगितले आहेत. त्यांतील फासेपारधी तातीचे फास खुंट्यांनी जमिनीत रोवून, पाळीव बैलाच्या आडोशाने सावजाकडे सरकत, तर टाकणकर गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावत. पुढे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाला आणि परंपरेने चालत आलेली पारध गुन्हा ठरली. त्याच कायद्याच्या मूळ पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, खोकड आणि कोल्हा (जॅकल) यांना उंदीर व कावळ्याच्या पंक्तीला बसवले होते. नंतरच्या दुरुस्त्यांनी त्यांना तेथून काढून संरक्षित प्राण्यांत घेतले, म्हणजे उंदीर खाणारा प्राणी काही काळ खुद्द उंदराबरोबरच उपद्रवी ठरला होता.

जिल्ह्यातील ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्ये १९९७ मध्ये घोषित झाली, परंतु ती प्रामुख्याने डोंगराळ जंगलाची आहेत, तर खोकडाचा निवास बहुतांशी त्यांच्या हद्दीबाहेरच्या मोकळ्या माळावर आहे. बंदूक आणि फास यांपासून कायदा त्याला वाचवू शकतो; गायरानावरील अतिक्रमण, धुऱ्यांची नांगरट आणि मोकाट कुत्र्यांमार्फत येणारे रोग यांवर शिकारीचे नियम पुरे पडत नाहीत. म्हणून या जिल्ह्यात खोकडाच्या संरक्षणाचा विचार वनखात्याच्या नकाशाइतकाच ग्रामपंचायतीच्या गायरान नोंदीवरून करावा लागतो.