चूड ते एलईडी : खारेपाटातल्या हातातल्या उजेडाची गोष्ट



उन्हाळी भाताला रात्रीची पाण्याची पाळी सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो, बॅटरी कोणती घ्यावी? खिशात मावणाऱ्या एलईडी बॅटऱ्या आता सगळीकडे आहेत. त्याच आकाराच्या पाणबुड्यांच्या, म्हणजे डायव्हिंगच्या बॅटऱ्याही ऑनलाइन मिळतात. तरणी पोरं विचारतात, आपण खाडीकाठची माणसं, मग डायव्हिंगचीच का घेऊ नये? प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे उजेड किती लखलखीत यापेक्षा तो पाण्यात टिकतो का यावरच आजवर सगळं अडलंय. म्हणून आधी थोडं मागचं सांगतो.

पेण तालुक्यात वाशी, वढाव, दादर या बाजूला शेती भरतीच्या रेषेखाली आहे. बाहेरच्या बांधाला खांड गेली की खारं पाणी एका रात्रीत भातात येतं आणि ते मीठ जमिनीतून निघायला पावसाळे जातात. उधाण येतं अमावास्या-पुनवेला, आणि आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती पूर्ण भरते ती साधारण दुपारी बारा आणि रात्री बाराच्या आसपास. म्हणजे बांधाला सगळ्यात जास्त धोका असतो तो नेमका मध्यरात्री, आणि अवसेला तर डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाय असा काळोख. जुनी माणसं त्या वेळी चूड घेऊन उघाडी बघायला जायची. चूड म्हणजे सुक्या झावळ्यांची घट्ट जुडी, पेटवायची आणि विझत आली की हवेत झटकायची. पावसात तिचा काय उपयोग ते सांगायला नको.

रोह्याकडे रात्रीचं काम कालव्याच्या पाळीचं. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, ते डोलवहालला अडवून कालव्यात सोडतात. ते टाटांचं वीजघर १९२७ चं. वीज गेली मुंबईला, आणि खालच्या गावांत पुढची कित्येक वर्षं चिमणी आणि कंदीलच. कंदील म्हटला की प्रभाकर, कराडजवळच्या ओगलेवाडीचा. वाऱ्याला तो चांगला टिके. पण तापलेल्या काचेवर पावसाचे गार थेंब पडले की काच तडकलीच म्हणून समजा.

मग आली सेलवरची बॅटरी. अमेरिकेत डेव्हिड मिसेल नावाच्या माणसाला १८९९ साली तिचं पेटंट मिळालं. तेव्हाचे सेल इतके कमजोर की दिवा सलग लावून ठेवताच येत नसे, क्षणभर लावायचा आणि बंद करायचा. इंग्रजीत तिला फ्लॅशलाइट म्हणतात ते यावरनं. मिसेलचं पेटंट ज्या कंपनीकडे होतं तीच पुढे एव्हरेडी झाली. हा माल भारतात १९०५ पासून यायला लागला, आणि नंतर कोलकात्याला सेलचा कारखाना निघाला. अलाहाबादची जीप बॅटरीही गावोगाव होती. एव्हरेडी आपल्याकडे बरीच वर्षं युनियन कार्बाइडची होती. म्हणजे उशाची बॅटरी आणि १९८४ ला भोपाळमध्ये वायू फुटला तो कीटकनाशकाचा कारखाना, दोन्ही एकाच कंपनीचं. आपल्यातल्या पुष्कळांना हे माहीत नसतं.

ती दोन-तीन सेलची लांब बॅटरी आमच्या वयाच्या सगळ्यांनी वापरली आहे. सेल उतरले की कौलावर उन्हात ठेवायचे. लोक हसतात, पण त्यात तथ्य होतं. उबेनं आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते आणि एखाद्या रात्रीपुरता उजेड मिळून जातो. तिची खरी खोड होती ते सरकवायचं बटण. बटण सरकायला पत्र्यात फट लागते, आणि त्या फटीतनं पाणी आत. आपलं पाणी तर खारं. पितळी पट्टीला हिरवा थर चढला की बॅटरी मुकी, मग मांडीवर आपटत बसा.

ही फट बुजवली ओ-रिंगनं. फवारणी पंपात आपण जी गोल रबरी कडी बदलतो तीच. डेन्मार्कमध्ये जन्मलेले नील्स क्रिस्टेन्सन यांना अमेरिकेत १९३९ साली तिचं पेटंट मिळालं. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅगलाइट नावाची अॅल्युमिनियमची बॅटरी निघाली, तिच्या सांध्यांत ही कडी होती. राहिला बल्ब. त्याची तार एका आपटीत तुटायची. १९९३ साली जपानमध्ये प्रखर निळी एलईडी तयार झाली. तिच्यावर पिवळं रसायन चढवलं की पांढरा उजेड मिळतो. या निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल मिळालं. तुटायला तारच उरली नाही, आणि लिथियमच्या एका सेलवर पूर्वीच्या तीन मोठ्या सेलपेक्षा जास्त उजेड मिळायला लागला.

आता मूळ प्रश्न. तारकर्लीला डायव्हिंग शिकवतात तिथलं पाणी आणि धरमतरच्या खाडीचं पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक. दहा मीटर खाली गेलं की वरच्या हवेच्या दाबाएवढा आणखी एक दाब अंगावर येतो. म्हणून डायव्हिंगच्या बॅटरीला दोन-दोन ओ-रिंगा असतात, चार्जिंगचं भोक बहुतेक नसतं, आणि बटण कित्येकदा चुंबकाचं, म्हणजे आवरणाला छिद्रच नाही. हे सगळं आपल्या कामाचं.

पण दोन गोष्टी आड येतात. एक, ती पाण्यात थंड राहील या हिशोबानं बनवलेली असते. बांधावर पूर्ण उजेडावर धरली तर तापते, काही तर हातात धरवत नाहीत. दुसरी मोठी. तिचा झोत अरुंद असतो. गढूळ पाण्यात पसरट उजेड धुक्यातल्या हेडलाइटसारखा डोळ्यावर परत येतो, म्हणून पाण्यात अरुंद झोत बरा. आपल्याला बांधावर पावलाभोवतीची दोन-तीन हात जागा दिसायला पाहिजे. फुरसं झोताच्या बाहेरच बसलेलं असतं. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज एका अभ्यासानं मांडला आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली.

खिशातली बॅटरी इथे सरस. झोत पसरट, आणि कमी उजेडावर रात्रभर चालते. चालताना १००-२०० लुमेन पुष्कळ झाले. डब्यावर हजारांचे आकडे असतात ते पहिल्या एक-दोन मिनिटांचे, मग तापली की ती आपोआप मंद होते. घेताना आयपीचा आकडा बघा. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनीनं लिहिलेलं असतं. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते हे विसरू नका. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलं नसेल तर आकडा कामाचा नाही.

माझ्या मते उघाडीवर पाण्यात हात घालणाऱ्यानं डायव्हिंगची घ्यावी आणि ती बारीक उजेडावर वापरावी. बाकी सगळ्यांनी पसरट झोताची, सेल बाहेर काढून बदलता येणारी खिशातली घ्यावी. सेल काढता येणं का महत्त्वाचं ते ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं दाखवलं. कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, चार्जिंग करणार कुठे? लिथियमचा सेल बहुतेक १८६५० असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. त्यावर ६००० किंवा ९००० एमएएच छापलेलं दिसलं तर घेऊ नका. या आकारात चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजाराच्या आसपासच मावतं.

निगा थोडीच. खाऱ्या पाण्यातनं आली की बंद असतानाच गोड्या पाण्यात बुचकळायची, पूर्ण सुकल्यावरच उघडायची. ओ-रिंगवर वाळूचा कण किंवा केस राहिला तरी पाणी शिरतं. तिला सिलिकॉन ग्रीस लावा, मशीनचं ग्रीस काही रबराला फुगवतं.

एक राहिलं. अतिनील उजेडाच्या छोट्या बॅटऱ्याही मिळतात. त्यांच्यात विंचू काळोखात हिरवट चमकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण बघत होते, आणि प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडतं हे त्यांनी दाखवलं. विंचू आपल्याकडे किती हे त्यावरनं समजा. पेंढ्याची उडवी उकलायच्या आधी आणि चपलांवर एकदा हा उजेड फिरवून बघा. फक्त तो डोळ्यात मारू नका.