पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णाची अँजिओप्लास्टी

हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या वेगळ्या असल्या, तरी त्यांना जडणारा विकार बहुधा एकच असतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे धमनीच्या आतील अस्तरात मेद साचतो व तिचा मार्ग अरुंद होतो. त्यामुळे पक्षाघात होऊन गेलेल्या व्यक्तीला पुढे हृदयविकार होणे नवलाचे नव्हे. उपचारात मात्र एक पेच उभा राहतो. हृदयाची धमनी मोकळी ठेवण्यासाठी रक्ताची गुठळी रोखणारी औषधे अपरिहार्य असतात आणि हीच औषधे मेंदूत रक्तस्राव घडवू शकतात.

हा पेच सोडवताना डॉक्टरांना दोन गोष्टी प्रथम कळाव्या लागतात : पक्षाघात कोणत्या प्रकारचा होता आणि तो केव्हा झाला. बहुसंख्य रुग्णांत मेंदूची धमनी गुठळीने बंद झालेली असते, तर काहींत ती फुटून रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात. फरक सीटी स्कॅनवरून कळतो.

हृदयविकाराचा तीव्र झटका आल्यास या माहितीचे मोल मिनिटांत मोजले जाते. नार्वेतील रुग्णाला अँजिओप्लास्टीची सोय बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पात गावाजवळच्या केंद्रावर ईसीजी काढून तो गोमेकॉतील हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला जातो आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच देता येते. निदानानंतर १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तेव्हा हे इंजेक्शन जीव वाचवते.

परंतु पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर ते देता येत नाही. गुठळीचा पक्षाघात गेल्या ३ ते ६ महिन्यांत झाला असेल, तरीही ते टाळले जाते. पक्षाघाताचा प्रकारच ठाऊक नसेल, तर युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तेही निषिद्धच. अशा रुग्णाला थेट अँजिओप्लास्टीसाठी हलवणे हाच मार्ग उरतो. माहिती दडवली गेली तर धोका, आणि ती सांगता आली नाही तर उपयुक्त उपचार हुकण्याची शक्यता.

स्टेंट बसवल्यावर ॲस्पिरिनसोबत दुसरे रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे लागते. पक्षाघात झालेल्यांना प्रासुग्रेल दिले जात नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना टिकाग्रेलोरही वर्ज्य असते. अशा वेळी सहसा क्लोपिडोग्रेल निवडले जाते. दोन्ही गोळ्या झटक्यानंतर साधारण १२ महिने, तर झटका नसताना बसवलेल्या स्टेंटनंतर ६ महिने चालतात. रक्तस्रावाचा धोका अधिक असल्यास हा काळ कमी केला जातो. मात्र दात काढण्यासाठीही या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. स्टेंट अचानक बंद पडून जीवघेणा झटका येऊ शकतो.

झटका नसेल व छातीतील दुखणे औषधांनी आटोक्यात असेल, तर पक्षाघातानंतर काही महिने थांबून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे श्रेयस्कर. अँजिओप्लास्टीत नळी महाधमनीतून जाते. तिच्या भिंतीवरचा कण सुटून मेंदूकडे गेल्यास नवा पक्षाघात होऊ शकतो. हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असले, तरी पूर्वी पक्षाघात झालेल्यांत ते वाढते. बायपासमध्ये हा धोका आणखी अधिक असतो. म्हणून नजीकच्या काळात पक्षाघात झालेल्यांच्या मानेतील धमन्यांची डॉप्लर तपासणी बायपासपूर्वी केली जाते. तरीही अनेक धमन्यांत अडथळे असलेल्या मधुमेही रुग्णांना दीर्घकाळात बायपासच अधिक लाभदायक ठरते. निवड हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद व मेंदूविकारतज्ज्ञ यांनी मिळून करावी.

कुटुंबीयांनी पक्षाघाताच्या वेळचा डिस्चार्ज कागद, सीटी स्कॅनचा अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी एकाच पिशवीत, घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी. छातीत कळ, घाम किंवा धाप लागताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ‘पूर्वी पक्षाघात झाला आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.