राखून ठेवलेले मत

समीक्षकावर आपल्याकडे वर्षानुवर्षे होत आलेला एक आरोप असा, की तो कवितेचे शवविच्छेदन करतो. आरोप करणाऱ्याच्या मनात शवविच्छेदनाचे चित्र असते ते साधारणपणे असे: समोरच्या वस्तूत प्राण नाही असे गृहीत धरायचे, तिचे अवयव सुटे करायचे आणि शेवटी निकाल देऊन मोकळे व्हायचे. यातला पहिला भाग तूर्त बाजूला ठेवू. निकालाविषयीची समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. मराठी वर्तमानपत्रांतल्या अपमृत्यूच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना 'अकस्मात मृत्यूची नोंद', 'व्हिसेरा तपासणीसाठी पाठवला' आणि 'मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवले' ही शब्दयोजना परिचयाची असेल. शवविच्छेदन करणारा वैद्य निकाल देत नाही. तो मत देतो. आणि पुरावा पुरेसा नसेल तर तेही राखून ठेवतो. न्यायवैद्यकाचा हा संयम साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी पारखून घ्यावा असा आहे. पाब्लो नेरुदा यांच्या मृत्यूचा तपास हे त्याचे अलीकडचे आणि फार बोलके उदाहरण आहे.

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने उठाव केला. राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचा त्याच दिवशी राजप्रासादात अंत झाला आणि पिनोशे यांची राजवट सुरू झाली. नेरुदा त्या वेळी समुद्रकाठच्या इस्ला नेग्रा येथील आपल्या घरी होते. दोन वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. ते कम्युनिस्ट होते, आयेंदे यांचे मित्र होते आणि त्यांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेला होता. उठावानंतर त्यांना राजधानी सांतियागोमधील सांता मारिया रुग्णालयात आणले गेले. मेक्सिकोचे राजदूत गोन्सालो मार्तिनेस कोर्बाला यांनी त्यांना देशाबाहेर नेण्यासाठी विमानाची व्यवस्था केली होती आणि २४ सप्टेंबरला निघायचे ठरले होते. २३ सप्टेंबरच्या रात्री नेरुदा मरण पावले.

या मृत्यूविषयी त्या वेळी लिहिली गेलेली दोन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून कर्करोगजन्य क्षय नोंदवला आहे. रोग शरीरभर पसरून माणूस झिजत झिजत जातो, स्नायू विरघळल्यासारखे होतात आणि देहाचा नुसता सापळा उरतो, अशा अंतिम अवस्थेसाठी वैद्यकात हा शब्द वापरतात. 'एल मेर्कुरिओ' या दैनिकाने मात्र दुसऱ्या दिवशी छापले, की वेदनाशामक इंजेक्शन दिल्यानंतर त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. दाखला सांगतो ती संथ झीज, तर बातमीतला आघात अचानक आलेला. साहित्याच्या विद्यार्थ्याला एकाच संहितेच्या दोन पाठांमधला विरोध नवा नसतो. मृत्यूचा दाखला हेही अखेर एक लिखाण आहे, त्याला लेखक आहे, काळ आहे आणि त्या काळाचे दडपण आहे, हे मात्र आपल्याला चटकन सुचत नाही. छापील नमुन्यावर शिक्का उमटला की लिखाणाचे वस्तुस्थितीत रूपांतर झाले, असे आपण मानून चालतो.

पुढची जवळजवळ चार दशके हा विरोध तसाच पडून राहिला. २०११ मध्ये नेरुदा यांचे तेव्हाचे वाहनचालक मानुएल आराया यांनी एका मेक्सिकन नियतकालिकाला सांगितले, की त्या दिवशी रुग्णालयात नेरुदांच्या पोटात इंजेक्शन दिले गेले आणि त्यानंतरच त्यांची अवस्था बिघडली. चिलीच्या कम्युनिस्ट पक्षाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात तक्रार दाखल केली आणि न्यायाधीश मारिओ कारोसा यांच्याकडे तपास आला. ८ एप्रिल २०१३ रोजी इस्ला नेग्रा येथे कबर उघडण्यात आली. या अस्थींचा प्रवासही साधा नव्हता. आधी सांतियागोच्या सार्वजनिक दफनभूमीत एका परिचित कुटुंबाची कबर, मग त्याच दफनभूमीतला भिंतीतला कोनाडा, आणि लोकशाही परतल्यावर १९९२ मध्ये समुद्राकडे तोंड करून असलेली, पत्नी मातिल्दे यांच्या शेजारची जागा. म्हणजे तपासनिसांच्या हाती जे आले ते तीन ठिकाणच्या मातीशी आणि हवेशी संबंध आलेले अवशेष होते.

नोव्हेंबर २०१३ मध्ये पहिला अहवाल आला. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या खुणा मिळाल्या आणि रासायनिक विषाचा माग लागला नाही. अनेकांनी प्रकरण मिटले असे मानले. वस्तुतः एवढेच सिद्ध झाले होते, की ज्या विषांचा शोध घेतला गेला ती चाळीस वर्षांनंतर सापडली नाहीत. २० ऑक्टोबर २०१७ रोजी निरनिराळ्या देशांतील १६ तज्ज्ञांच्या समितीने दोन गोष्टी सांगितल्या. दाखल्यातले कारण वस्तुस्थितीला धरून नाही, कारण कर्करोग असला तरी रुग्ण झिजण्याच्या त्या अंतिम अवस्थेत नव्हता, याविषयी समितीचे एकमत होते. दुसरी गोष्ट अशी, की नेरुदांच्या एका दाढेत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचा अंश सापडला होता.

हा जंतू मातीत राहणारा आहे. प्राणवायू नसेल तेथे तो वाढतो आणि प्रतिकूल काळ बीजाणूंच्या रूपात काढतो. त्याने निर्माण केलेले विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडवते. स्नायू लुळे पडतात आणि अखेर श्वास थांबतो. एरवी हा रोग बहुधा नीट न टिकवलेल्या अन्नातून होतो. पण जो जंतू मुळात मातीचा रहिवासी, तो मातीत पुरलेल्या देहात सापडला तर त्यात नवल काय? संशोधकांपुढचा खरा प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर शोधण्याची रीत मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

दाढेच्या आतला गर रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो आणि बाहेरून त्याला कठीण कवच असते. जिवंतपणी रक्तातून फिरणारे जंतू तेथे पोचू शकतात. मरणोत्तर बाहेरून शिरकाव होणे त्या मानाने अवघड असते. शिवाय जुन्या डीएनएवर काळाच्या खुणा उमटतात. त्याचे धागे तुटून आखूड होतात आणि तुकड्यांच्या टोकांशी ठरावीक प्रकारचे रासायनिक बदल साचत जातात. या बदलांच्या प्रमाणावरून जंतूचा अंश मृताचा समकालीन आहे की मागाहून मिसळला आहे, याचा अंदाज बांधता येतो. हस्तलिखिताच्या पोथीत मूळ मजकूर कोणता आणि प्रक्षेप कोणता हे शाई, कागद आणि अक्षरवळण पाहून ठरवावे, त्याच जातीचे हे काम आहे. कॅनडातील मॅकमास्टर आणि डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी ते स्वतंत्रपणे केले.

१५ फेब्रुवारी २०२३ रोजी अंतिम अहवाल न्यायाधीश पाओला प्लासा यांच्याकडे सुपूर्द झाला. जंतू बाहेरच्या मातीतून आलेला नसून मृत्यूच्या वेळी देहात होता, असा निष्कर्ष पुढे आला. तो देहात कसा आला, टोचला गेला की अन्नातून गेला, हे मात्र सांगता आले नाही. अहवालाच्या बातम्यांतून जगभर 'नेरुदांवर विषप्रयोग' असे मथळे झळकले. कुटुंबीयांच्या दृष्टीने अहवालाने आरायांच्या सांगण्यावर शिक्कामोर्तब केले होते. आराया स्वतः त्याच वर्षीच्या जूनमध्ये वारले. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी तपास पुन्हा उघडण्याची मागणी फेटाळली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो उघडण्याचा आदेश दिला.

येथे चार विधाने एकमेकांपासून वेगळी ठेवणे आवश्यक आहे. दाखला चुकीचा होता. जंतू देहात होता. त्या जंतूमुळेच मृत्यू आला. तो कोणीतरी हेतुपुरस्सर देहात घातला. पहिली दोन विधाने तज्ज्ञांनी पुराव्याच्या आधारे केली आहेत. तिसरे संभाव्य आहे, प्रस्थापित नाही. आणि चौथे विधान प्रयोगशाळेच्या कक्षेतच येत नाही, कारण हेतू दाढेत सापडत नसतो. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत आपण वाचक एका दमात पोचतो. याचे कारण आपण कथा वाचायला शिकलो आहोत: पहिल्या अंकात इंजेक्शन दिसले तर तिसऱ्या अंकात त्याचे रहस्य उलगडलेच पाहिजे, असा आपला हट्ट असतो.

परिस्थितिजन्य पुरावा या हट्टाला बळ देतो, हे खरे. पिनोशे राजवटीने रासायनिक आणि जैविक विषांची सिद्धता केली होती. १९८१ च्या डिसेंबरात सांतियागोच्या तुरुंगात कैद्यांवर बोट्युलिनम विषाचाच प्रयोग झाला आणि त्यात दोघे दगावले. पण ही घटना नेरुदांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांची आहे. तिच्यावरून त्या राजवटीची वृत्ती कळते, १९७३ च्या सप्टेंबरातली कृती सिद्ध होत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष एदुआर्दो फ्रेई मोन्ताल्वा यांचे प्रकरण तर अधिकच सावध करणारे आहे. ते जानेवारी १९८२ मध्ये त्याच सांता मारिया रुग्णालयात वारले. २०१९ मध्ये त्यांचा खून झाल्याचा निवाडा होऊन सहा जणांना शिक्षा झाली. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले.

या सगळ्यात साहित्याच्या अभ्यासकाला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट नेरुदांच्या स्वतःच्या लिखाणात आहे. त्यांच्या आत्मकथनाची शेवटची पाने उठावानंतर तीन दिवसांतच लिहिली गेली आणि त्यांच्या पश्चात १९७४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेथे आयेंदे यांच्या अंताविषयी ते निःसंदिग्धपणे सांगतात, की सैनिकांच्या गोळ्यांनी त्यांचा देह छिन्नविच्छिन्न झाला. राजवटीचे म्हणणे होते, ही आत्महत्या. राजवटीवर विश्वास ठेवावा असे काहीच नव्हते: आयेंदे यांच्या पत्नीला मृतदेह पाहू दिला गेला नाही, दफन गुपचूप उरकले गेले. २०११ च्या मे महिन्यात आयेंदे यांची शवपेटी उघडण्यात आली. हा तपासही न्यायाधीश कारोसा यांच्याकडेच होता. त्याच वर्षी जुलैमध्ये तज्ज्ञांनी सांगितले, की मृत्यू स्वतःच्या हाताने झाडलेल्या गोळीने आला. आयेंदे यांच्या कुटुंबीयांनी हा निष्कर्ष स्वीकारला.

म्हणजे या एका बाबतीत जुलमी राजवटीचे विधान खरे निघाले आणि कवीचे चुकीचे. हे मान्य करताना जीभ अडखळते, पण मान्य केले पाहिजे. नेरुदा खोटे बोलत नव्हते. इस्ला नेग्रा येथे आजारी अवस्थेत मिळालेल्या वार्तांवरून, मित्राच्या शोकात, त्यांनी जे लिहिले ते त्यांना खरेच वाटत होते. ते पान शोकाचा दस्तऐवज म्हणून अस्सल आहे, शवविच्छेदनाचा अहवाल म्हणून नाही. आयेंदे यांच्याविषयी जी चूक नेरुदांकडून झाली, तीच नेरुदांविषयी आपल्याकडून होऊ शकते: शोक आणि निष्ठा यांच्या बळावर पुराव्याची उणीव भरून काढणे.

मत राखून ठेवणे म्हणजे विज्ञानासमोर हात जोडून उभे राहणे, असाही अर्थ कोणी काढू नये. सांतियागोच्या सार्वजनिक दफनभूमीतील एकोणतीस क्रमांकाच्या भागात राजवटीने अनेक निनावी देह पुरले होते. १९९१ मध्ये तेथून १२६ जणांचे अवशेष काढले गेले आणि पुढच्या दशकभरात त्यांपैकी ९६ जणांची ओळख पटवून ते कुटुंबांच्या स्वाधीन केले गेले. २००६ मध्ये सरकारी न्यायवैद्यक संस्थेला कबूल करावे लागले, की त्यांतल्या ४८ जणांची ओळख चुकली होती. ज्या बायका आपल्या नवऱ्याची म्हणून एका कबरीवर फुले वाहत होत्या, त्यांना ती कबर परक्याची असल्याचे सांगण्यात आले. घाईने दिलेल्या मताची किंमत कोण मोजते, हे त्या स्त्रियांकडे पाहिले की कळते. कवीच्या मृत्यूवर जगभरच्या प्रयोगशाळा काम करतात. त्या निनावी देहांना एक विश्वासार्ह दाखलासुद्धा सहजी मिळत नाही. नेरुदांचा खून 'ठरवून टाकणे' हा त्यांच्याविषयीचा आदर वाटत असला, तरी त्यामुळे पुराव्याची इयत्ता खाली येते, आणि ज्यांच्या बाजूने पुराव्यावाचून दुसरे कोणीच उभे नाही त्यांचे नुकसान होते.

असो. वर्गात नेरुदा शिकवताना कविपरिचयात मृत्यूविषयी एखादे वाक्य येतेच. कुठे 'कर्करोगाने निधन' असते, कुठे 'भग्नहृदयाने', तर अलीकडे 'हत्या'. मी विद्यार्थ्यांना असे लिहून देतो: '२३ सप्टेंबर १९७३ रोजी, लष्करी उठावानंतर बाराव्या दिवशी, सांतियागो येथील रुग्णालयात मृत्यू, दाखल्यातील कारण तज्ज्ञांनी २०१७ मध्ये अमान्य केले, देहात घातक जंतू होता असा निष्कर्ष २०२३ मध्ये आला, मृत्यूचे कारण अनिर्णित.' वाक्य लांबते, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते कोणी पूर्ण लिहीत नाही. तरी फळ्यावर ते पूर्ण लिहावे, असा माझा आग्रह असतो.