पासपोर्ट

कोहिमाच्या युद्ध स्मशानभूमीत टेनिस कोर्टाच्या पांढऱ्या रेषा अजून जपून ठेवल्या आहेत. एप्रिल ते जून 1944 मध्ये जपानी फौज इथे अडवली गेली. नागा गावकऱ्यांनी वाटा दाखवल्या, बातम्या आणल्या, जखमींना डोंगर उतरवून नेलं. 1970 मध्ये नागा रेजिमेंट उभी राहिली. 1999 मध्ये तिच्या पलटणी कारगिलला लढल्या.

त्याच रेजिमेंटचा एक हवालदार माझ्यासोबत पुण्यात एका लॉजवर आला होता. काउंटरवरच्या माणसाने माझं नुसतं नाव लिहून घेतलं. त्याच्याकडे मात्र पासपोर्ट मागितला. मी भडकलो. त्याने शांतपणे ओळखपत्र पुढे केलं. "आदत है, साब."

ती आदत मला लागली. 'चिनी', 'मोमो' म्हणणाऱ्याला गंमत वाटते. ऐकणारा मात्र आपल्याच देशात खिशात पुरावा घेऊन फिरायला शिकतो. 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून चिडवलं गेलं. त्याला ते सहन झालं नाही. मारहाण झाली आणि तो दगावला.

लॉजवरचा माणूस वाईट नव्हता. त्याला कोहिमा कोणी शिकवलंच नव्हतं. मलाही ते खडकवासल्याला गेल्यावरच कळलं.