कुलुपाचा विलंब



संगणक वापरणाऱ्या मंडळींची एक तक्रार आपल्या कानांवर वारंवार येते. यंत्र सुरू केले, परवलीचा शब्द टाइप केला, की पुढे काळ्या पडद्याकडे पाहत बसावे लागते. दहा सेकंद जातात, तीस जातात, क्वचित दीड मिनिटही जाते. ज्याने आपली संपूर्ण डिस्क कूटबद्ध करून ठेवली आहे, तो गृहस्थ मग सारा दोष त्या कुलुपाला देतो आणि ते काढूनच टाकावे, या निर्णयाला येतो. वकिलाकडे अशिलांचे कागद असतात, डॉक्टरांकडे रुग्णांची टिपणे असतात. असे यंत्र उद्या प्रवासात चोरीस गेले, तर कुलूप असल्यास चोराच्या हाती निरर्थक अक्षरांचा ढीग पडेल. नसल्यास परक्यांची गुपिते पडतील. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी हा विलंब कोणी आणि का निर्माण केला, हे पाहणे अगत्याचे आहे.

या कथेचा आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होतो. तेथील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. युनिक्स या प्रणालीत परवलीचे शब्द जतन करण्याची त्यांची आधीची पद्धत दुसऱ्या महायुद्धातील एम-२०९ या सांकेतिक यंत्राच्या नमुन्यावर बेतलेली होती. तिच्यात दोष निघाला तो असा की, ती फार वेगवान होती! एक शब्द पडताळून पाहावयास सुमारे सव्वा मिलिसेकंद पुरे. चार लहान इंग्रजी अक्षरांचे शब्द होतात ४,५६,९७६. ते सगळे दहा मिनिटांच्या आत तपासून होत. शिवाय माणसे शब्द निवडतात तेही तसेच. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१ शब्द आखूड होते, शब्दकोशातले होते किंवा असेच सहज सापडणारे होते. तेव्हा त्यांनी मुद्दाम मंद पद्धत योजली. डेस नावाची कूटप्रक्रिया किंचित बदलून ती लागोपाठ २५ वेळा करावयाची. मालकाला हा उशीर दिवसातून एकदोनदा सोसावा लागतो, चोराला प्रत्येक अंदाजामागे सोसावा लागतो. सगळी मख्खी येथे आहे.

यंत्रे जसजशी वेगवान झाली तसतसा २५ हा आकडा तोकडा पडू लागला. पीबीकेडीएफ-२ ही पद्धत २००० साली मांडली गेली, तेव्हा किमान १,००० आवर्तनांची शिफारस होती. पुढे क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी लिनक्स प्रणालीसाठी लुक्स नावाची रचना सिद्ध केली. तीत डिस्कची खरी किल्ली लांबलचक असते, आणि ती किल्ली लहान डब्यांत बंद असते. पहिल्या लुक्समध्ये असे आठ डबे होते. आपला परवलीचा शब्द उघडतो तो डबा. कुलूप बसवताना यंत्र स्वतःचा वेग मोजते आणि डबा उघडावयास ठरावीक वेळ लागेल इतकी आवर्तने नेमून देते. पूर्वी हा वेळ एक सेकंद असे, पुढे दोन सेकंद झाला. म्हणजे दोन सेकंदांचा थांबा हा पहाराच होय.

मग तीस सेकंद कोठून येतात? ते मोजमाप झाले पूर्ण जागृत यंत्रावर. परंतु पुष्कळ ठिकाणी कुलूप उघडण्याचे काम यंत्र सुरू होताच प्रथम जागा होणाऱ्या ग्रब नावाच्या लहानशा कार्यक्रमाकडे असते. प्रोसेसरमधील वेगवर्धक सोयी त्याला वापरता येत नाहीत, म्हणून तीच आवर्तने त्याला कित्येक पटींनी जड जातात. शिवाय तो डबे क्रमाने उघडून पाहतो. आपला शब्द तिसऱ्या डब्याचा असेल, तर आधीच्या दोन्ही डब्यांचे कष्ट फुकट जातात. वेगवान यंत्रावरची डिस्क जुन्या यंत्रात घातली तरी हाच प्रकार होतो.

दीड मिनिटाचा थांबा मात्र बहुधा निराळ्या कुळीचा असतो. २०१० साली अवतरलेली सिस्टिमडी ही व्यवस्था एखादे उपकरण सापडले नाही, तर त्याची साधारणतः ९० सेकंद वाट पाहते. डिस्कचा एखादा भाग नव्याने घडवला, त्याची ओळखसंख्या बदलली, आणि जुनी संख्या यादीत तशीच राहिली, की यंत्र मेलेल्या पाहुण्याची वाट पाहत दारात उभे राहते. येथे कूटलेखनाचा काही अपराध नाही. यादी दुरुस्त केली की काम भागते. कोणत्या कामाला किती वेळ लागला हे सिस्टिमडी स्वतःच सांगते. फक्त आपण शब्द टाइप करावयास लावलेला वेळही त्या हिशेबात अनेकदा धरला जातो, हे विसरू नये.

आता उपायांकडे वळू. प्रथम कुलुपाच्या शीर्षभागाची प्रत दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवावी. तो भाग बिघडला तर शब्द पाठ असूनही काही हाती लागत नाही. मग नेहमीचा शब्द पहिल्या डब्यात आणावा. इतकेही पुरले नाही, तरच आवर्तने कमी करावीत, आणि ती करताना हिशेब करावा. आवर्तने दशांशावर आणली तर चोराचे कष्टही दशांशावर येतात. पण आपल्या शब्दात चिठ्ठी टाकून निवडावे तसे एक लहान अक्षर वाढवले, तर त्याचे कष्ट २६ पटींनी वाढतात. एका अक्षराने घाटा भरून निघतो, वर शिल्लक राहते. मात्र ते अक्षर खरोखर यदृच्छेने आलेले हवे. नातवाच्या नावाचे आद्याक्षर येथे कामाचे नाही.

श्रोतेहो, मॉरिस आणि थॉम्पसन यांच्या निबंधाला आता चार दशके उलटून गेली. यंत्रे बदलली, पण त्यांनी दाखवलेले तत्त्व टिकून आहे. विलंब दिसला की प्रथम एवढेच विचारावे : हा पहारेकऱ्याचा आहे की गबाळेपणाचा? गबाळेपणा निस्तरावा. पहारेकऱ्याचे ओझे हलके करावयाचे असेल, तर त्याच्या हाती लांब शब्द द्यावा. त्याला रजा देऊ नये.