पोर आणि त्याचे घर

१८७१ साली इंग्रज सरकारने कायदा केला. उत्तर हिंदुस्थानात नोंद झालेल्या हिजड्यांनी बाईच्या वेषात रस्त्यावर फिरू नये, सोळा वर्षांखालचा मुलगा घरी ठेवू नये. ठेवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. पण एखादे पोर आपले घर सोडून त्यांच्या दारी का जाते, याबद्दल कायद्यात अक्षर नव्हते!

देह मुलग्याचा, पण आपण मुलगी, असे काही पोरांना आतून सतत वाटते. कुठे याच्या उलट. जीव कासावीस होतो. (नुसती भातुकली खेळला म्हणून तसे समजू नका हं.) २०१९ साली आपल्या संसदेने कायद्यात लिहिले, की एवढ्याच कारणावरून, कोर्टाच्या हुकुमाखेरीज, मुलाला आईबापांपासून तोडू नये. पण घरातच मारझोड, अंगारेधुपारे चालले तर? त्याने हे वाटणे जात नाही, पोर मात्र पळते. आईबापांनी आधी त्याचे बोलणे पुरते ऐकावे, मग जाणत्या डॉक्टरांना विचारावे. गुरुजींनी वर्गात त्याचे हसे होऊ देऊ नये.