गणपती झाले की बघू

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी २०२४ च्या चतुर्थीला ३१ पानं उठली. त्यातल्या सहा जणांना पुढे कावीळ झाली.

सोमवार, २ सप्टेंबर, सकाळी ९.३०
संडासातलं पाणी उतरायला वेळ लागतो. टाकी २००६ ची, पाच माणसांच्या हिशेबाने बांधलेली. दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. अठरा वर्षांत एकदाही उपसलेली नाही. उपसणारा गाडीवाला फोनवर ४,५०० रुपये सांगतो, वाट चिखलाची म्हणून वर १,०००. उद्या येऊ शकतो. आम्ही म्हणतो, गणपती झाले की बघू.

गुरुवार, ५ सप्टेंबर, रात्री ९.१५
डोंबिवलीची मंडळी उतरतात. घरात तीन माणसं होती, आता एकोणीस. आठ वर्षांच्या नातवाला कणकण आहे. जेवत नाही. प्रवासाने झालं असेल.

शुक्रवार, ६ सप्टेंबर, दुपारी ४.००
कमोडमधून बुडबुडे येतात. भाऊ ॲसिडची बाटली ओततो. ॲसिडने गाळ हलत नाही. मैला कुजवणारे जिवाणू मात्र मरतात. टाकी गाळाने भरली की पाणी तिच्यात दिवसभर थांबत नाही, आलं तसं पुढे जातं.

रात्री ११.३०
पाऊस धरतो. टाकीतलं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि तिथून जांभ्यात मुरतं. पावसात खालचं पाणी वर आलं की मुरायला जागा उरत नाही. शोषखड्ड्यापासून विहीर ३२ फुटांवर, उताराच्या बाजूला. खणायला सोपं म्हणून गवंड्याने खड्ड्याची ती जागा धरली होती.

शनिवार, ७ सप्टेंबर, सकाळी ६.१०
शेजारची काकी कळशी भरून घेते, हुंगते. "वहिनी, पाण्याक कसलो तरी वास येता." वहिनी म्हणते, पावसाचं पाणी उतरलं असेल. परसात खड्ड्याभोवतीचं गवत इतर गवतापेक्षा हिरवं आहे. मुळाशी पाणी साचलंय.

सकाळी १०.३०
मूर्ती मखरात बसते.

सकाळी ११.४०
न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी वर येतं. स्वयंपाकघर भिंतीपलीकडे. आम्ही टाकीवरची लादी सरकवतो. वाडीतला एक मुलगा शर्ट काढतो: बादली द्या, उतरतो. काका त्याचा दंड धरतात. "टाकीत माणूस उतरायचा नाही." आतला वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो, प्रमाण वाढलं की नाकच मरतं, वास कळत नाही. २०१३ चा कायदा असं उतरवायला बंदी करतो. त्या आठवड्यात आम्ही बरोबर घेतलेला निर्णय हा एकच.

सकाळी ११.५५
मुलगा वरूनच बांबू घालतो. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी काहीतरी सुटतं. टाकीतली पातळी सर्रकन फूटभर उतरते. न्हाणीघर रिकामं होतं. कुणीतरी "मोरया" म्हणतं. फूटभर पाणी गेलं कुठे, हे कुणी विचारत नाही.

दुपारी १२.३०
तांब्याचे दोन हंडे विहिरीवरून भरून येतात. पाणी उकळायचा विषय निघत नाही. आपल्या विहिरीचं पाणी.

दुपारी १.१५
पहिली पंगत बसते. पाणी वाढायला मुलं पुढे. मोदक पुरतात.

रविवार, ८ सप्टेंबर, संध्याकाळी ६.००
दीड दिवसाचं विसर्जन. रात्रीच्या गाडीने डोंबिवलीची मंडळी परत जातात.

मंगळवार, १० सप्टेंबर, सकाळी १०.००
गाडी येते. पाऊण तासात टाकी रिकामी. गाडीवाला विहिरीकडे बघतो, म्हणतो, पाणी तपासून घ्या. आम्ही हो म्हणतो.

शनिवार, १४ सप्टेंबर
डोंबिवलीत नातवाचे डोळे पिवळे दिसतात. हिपॅटायटिस ए. डॉक्टर सांगतात, डोळे पिवळे व्हायच्या आधीचे एक-दोन आठवडे हा विषाणू शौचातून सर्वात जास्त बाहेर पडतो. तेव्हा मुलगा आमच्याकडे होता.

शनिवार, ५ ऑक्टोबर
पंगतीला अठ्ठावीस दिवस झाले. या आजाराला अंगात मुरायला साधारण एवढेच दिवस लागतात. आज सहावा रुग्ण: शेजारची काकी.

विहिरीच्या पाण्याचा अहवाल त्याच आठवड्यात आला. पिण्यास अयोग्य. तो आम्ही खर्चाच्या वहीत ठेवला. वहीत २ सप्टेंबरच्या पानावर एक ओळ आहे: टाकी, ५,५०० रुपये, गणपतीनंतर. तिच्यापुढे बरोबरची खूण आहे.